सोळाचे अठ्ठेचाळीस

माळ्यावरची जुनी वस्तू खाली उतरली की घरात दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, भंगारवाल्याला द्या, जागा तरी मोकळी होईल. दुसरा म्हणतो, असू द्या, आठवण आहे. पुसून काचेच्या कपाटात ठेवा. तांब्याचा बंब, ग्रामोफोन, वॉल्व्हचा रेडिओ या सगळ्यांचा निवाडा याच दोन न्यायालयांत होत आला आहे. आता त्या रांगेत घरगुती संगणक येऊन उभा राहिला आहे आणि त्याच्या बाबतीत हे दोन्ही निकाल चुकीचे आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे. तो भंगारात देऊ नये हे बहुतेकांना पटेल. पण तो जसाच्या तसा जपूनही ठेवू नये, हे पटायला थोडे जड जाते. त्याचे झाकण उघडावे, त्याची मेमरी वाढवावी, त्याचे चित्र आजच्या टीव्हीवर आणावे आणि त्याला पुन्हा कामाला लावावे. ज्यांनी तो बनवला त्यांची अपेक्षाही हीच होती.

ही अपेक्षा मी पदरची सांगत नाही. ती यंत्राच्या पोटात दिसते. एप्रिल १९८२ मध्ये इंग्लंडच्या सिंक्लेअर रिसर्च कंपनीने 'झेडएक्स स्पेक्ट्रम' नावाचा छोटा संगणक बाजारात आणला. वहीएवढा काळा डबा, रबरी बटणे, कोपऱ्यात इंद्रधनुष्याचा तिरका पट्टा. स्वतःचा पडदा नाही. घरातला टीव्ही हाच पडदा. माहिती साठवायला तबकडी नाही. घरातला टेपरेकॉर्डर हीच तिजोरी. त्याची दोन रूपे निघाली. एक १६ 'के' मेमरीचे, १२५ पौंडांना. दुसरे ४८ 'के'चे, १७५ पौंडांना. एक 'के' म्हणजे १,०२४ बाइट. मराठीतला हा लेख आजच्या पद्धतीने साठवला तर चाळीस-पन्नास 'के' जागा खाईल, यावरून अंदाज यावा. ज्या गिऱ्हाइकाला ५० पौंड जास्त परवडत नव्हते त्याने १६ 'के'चा डबा घ्यावा आणि पुढे पैसे जमले की आतल्या रिकाम्या जागा भराव्यात, अशी सोय होती. अगदी पहिल्या बोर्डांवर त्यासाठी वेगळी छोटी पाटी बसवावी लागे. नंतरच्या बोर्डांवर जागा आधीच आखलेल्या, पुष्कळदा सॉकेटही बसवलेले आणि मोकळे. पाहुणा यायचा आहे म्हणून मांडून ठेवलेल्या पाटांसारखे.

आपल्याकडे हे यंत्र पुण्यामुळे थोडेफार रुळले. तिथल्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' या नावाने त्याची परवान्याने निघालेली आवृत्ती विकली. स्पेक्ट्रम प्लस मुळातच ४८ 'के'चा, म्हणून त्याच्या मालकाला मेमरीची चिंता नव्हती. १६ 'के'वाले डबे मात्र बहुधा कुणाच्या तरी बॅगेतून आलेले असत. पेण, रोहा, माणगाव, म्हसळा या पट्ट्यातून आखातात गेलेला माणूस टू-इन-वन, साड्या, अत्तर आणतो हे सर्वांना माहीत आहे. एखाद्या हौशी मामाने भाच्यासाठी त्यात हा डबाही आणला. भाच्याने चार वर्षे तो वाजवला, मग दहावी आली, मग नोकरी आली, आणि डबा माळ्यावर गेला.

सध्या माझ्या टेबलावर असाच एक डबा आहे. रोह्याच्या एका घरातला. दिवा-रोहा गाडीने तो पेणला आला, सोबत जुन्या बिस्किटांच्या डब्यात अकरा कॅसेटी. त्यातल्या एकीवर बॉलपेनने 'क ते ज्ञ' असे लिहिले आहे. थोरल्या भावाने शाळेत असताना धाकट्या बहिणीला अक्षरे शिकवण्यासाठी तो प्रोग्रॅम लिहिला होता. भाऊ आता हयात नाही. बहीण पन्नाशीला आली आहे, आणि तिला ते एकदा टीव्हीवर पाहायचे आहे, त्याच डब्यातून. अडचण अशी की प्रोग्रॅम ४८ 'के'साठी लिहिलेला आणि डबा १६ 'के'चा. मागे खोचायची बाहेरची मेमरीची पेटी त्या मुलाकडे होती, ती हरवली. तेव्हा सोळाचे अठ्ठेचाळीस केल्याशिवाय गत्यंतर नाही.

मेमरी वाढवणे म्हणजे काय, हे एकदा नीट पाहण्यासारखे आहे, कारण आजच्या यंत्रांत ते डोळ्यांना दिसतच नाही. स्पेक्ट्रममध्ये मेमरीच्या आयसी आठ-आठच्या गटाने बसतात. बाइट आठ बिटांचा, आणि प्रत्येक आयसी त्यातला एकेकच बिट सांभाळते. रोह्याच्या धावीर महाराजांची पालखी डोळ्यांपुढे आणा. भोई आठ, सात जण कितीही सरळ चालोत, आठव्याचा पाय अडखळला की पालखी डुलणारच. तसेच इथे. एक आयसी बिघडली तर आठवा हिस्सा मेमरी गेली असे होत नाही, सगळीच निकामी होते. खालच्या १६ 'के'साठी ४११६ जातीच्या आठ आयसी. वाढीव ३२ 'के'साठी ४५३२ जातीच्या आणखी आठ, आणि त्यांची वाहतूक सांभाळायला चार छोट्या साध्या आयसी. एकूण बारा. हात सवयीचा असेल तर दोन तासांचे काम.

या ४५३२ ची गोष्ट मला फार आवडते. ही मुळात ६४ हजार बिटांची आयसी. कारखान्यात तपासणीत ज्यांचा अर्धा भाग खराब निघे त्या फेकून न देता चांगल्या अर्ध्या भागाच्या हिशेबाने विकल्या जात. सिंक्लेअरने त्या घेतल्या आणि आपला डबा स्वस्त ठेवला. वरचा अर्धा शाबूत की खालचा, हे बोर्डावरच्या एका तारेच्या तुकड्याने ठरवायचे. कोकणातल्या घरात यात नवल काहीच नाही. डागी आंबा कुणी फेकत नाही. डाग कापून टाकायचा आणि बाकीचा रसात. पण एका रसाला एकाच जातीचे आंबे घ्यावेत तसे आठही आयसींचा एकच अर्धा भाग शाबूत असावा लागे. आज अशा अर्धवट आयसी शोधत बसू नये. त्याच घराण्यातली पूर्ण शाबूत ४१६४ तिथे चालते. तिचा अर्धा भाग रिकामा बसून राहतो, इतकेच.

मात्र नव्या आयसी बसवण्याच्या घाईत जुन्यांचा जीव जाऊ नये. कामाचा क्रम ठरलेला आहे. आधी वीज, मग मेमरी, मग चित्र. स्पेक्ट्रमचा अ‍ॅडॉप्टर ९ व्होल्टचा, आणि त्याच्या पिनेचे मधले टोक ऋण असते. आज दुकानात मिळणाऱ्या बहुतेक अ‍ॅडॉप्टरचे मधले टोक धन असते. पिन तर छान बसते. पण यंत्र जळते. खालच्या आठ ४११६ आयसींना तीन निरनिराळे दाब लागतात: ५, १२ आणि उणे ५ व्होल्ट. हे तिन्ही बोर्डावरच तयार होतात. त्यातले उणे ५ नाहीसे झाले आणि बाकीचे चालू राहिले तर त्या आयसी तग धरत नाहीत. तेव्हा चाळीस वर्षे माळ्यावर पडलेला डबा 'चालतो का बघू' म्हणून थेट प्लगात खोचणे हा शुद्ध आतताईपणा आहे. आधी कंडेन्सर बदलावेत, मल्टिमीटरने दाब मोजावेत. खाडीकडून येणारा खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी पेण-रोह्याकडच्या डब्यांत आणखी एक भर घातलेली असते: सॉकेटच्या पायांना हिरवट गंज, आणि की-बोर्डाची पट्टी बोट लावताच पापडासारखी मोडणारी.

आता चित्राकडे वळू. मेमरी आणि पडदा हे दोन निराळे विषय आहेत असे आपण धरून चालतो. जुन्या घरगुती संगणकात ते निराळे नव्हते. पडद्यावर जे दिसते ते मेमरीतच राहते. यंत्र सेकंदाला पन्नास वेळा ती जागा वाचून टीव्हीवर रंगवते. स्पेक्ट्रमचे चित्र २५६ ठिपके रुंद आणि १९२ उंच. त्याला ६,१४४ बाइट लागतात आणि रंगांना आणखी ७६८. म्हणजे पावणेसात 'के' फक्त चित्राला गेले. १६ 'के'च्या यंत्रात बाकीचा किरकोळ खर्च वजा जाता प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या हातात जेमतेम ९ 'के' उरत. ४८ 'के'च्या यंत्रात ४० हून अधिक. भारत सरकारने १९८४ मध्ये 'क्लास' नावाच्या योजनेखाली निवडक शाळांना जे बीबीसी मायक्रो संगणक दिले, त्यांतही हेच दुखणे होते: एकूण मेमरी ३२ 'के', आणि सर्वांत बारीक चित्र मागितले की त्यातली २० 'के' चित्रच गिळून टाकी. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात पाहुण्यांसाठी दिवाणखाना राखून ठेवावा तसा प्रकार.

शिवाय स्पेक्ट्रममध्ये चित्र रंगवणारी आयसी आणि मुख्य प्रोसेसर हे दोघेही खालच्या १६ 'के'च्याच दारात उभे. चित्र रंगवले जात असताना प्रोसेसरला थांबावे लागते. वरच्या ३२ 'के'मध्ये ही आडकाठी नाही. म्हणून मेमरी वाढवली की जागा वाढते हे तर खरेच, पण वरच्या मजल्यावर ठेवलेला प्रोग्रॅम भरभर चालतो हा वरचा लाभ.

याचा मराठीशी काय संबंध, असे कुणी विचारील. फार जवळचा आहे. स्पेक्ट्रमचे प्रत्येक अक्षर आठ ठिपके रुंद आणि आठ उंच अशा चौकटीत बसते. इंग्रजी अक्षर त्यात ऐसपैस बसते. देवनागरीचे तसे नाही. एक ओळ शिरोरेषेला गेली, वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार. उरलेल्या चार-पाच ओळींत 'क्ष' काढून दाखवा! यंत्राने हौशी माणसाला स्वतःची चिन्हे काढायला २१ जागा दिल्या होत्या. आपली नुसती व्यंजनेच त्यांत मावत नाहीत. मग उपाय एकच: एकावर एक दोन चौकटी घेऊन सोळा ठिपके उंचीचे अक्षर काढायचे. एका अक्षराला १६ बाइट; स्वर, व्यंजने, मात्रा मिळून साठ आकार धरले तर ९६० बाइट, शिवाय ते जुळवणारा प्रोग्रॅम, शिवाय प्रत्येक अक्षरासोबतचे चित्र. ९ 'के'च्या पाकिटात हा संसार होत नाही. मराठी अक्षर पडद्यावर दिसायचे तर आधी मेमरी हवी. रोह्याच्या त्या मुलाने बाहेरची पेटी का जोडली असेल, हे मला कॅसेट चालायच्या आधीच कळले.

आणि हा प्रश्न त्या एका मुलाचा नव्हता. तो त्याच काळात साऱ्या देशापुढे होता. आयआयटी कानपूरमध्ये प्रा. आर. एम. के. सिन्हा आणि मोहन तांबे आदी मंडळींनी देवनागरी दाखवणारे टर्मिनल १९८३ च्या सुमारास उभे केले. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि ते काम तिथे आले. लोकांना सी-डॅक म्हटले की १९९१ चा 'परम ८०००' हा महासंगणक आठवतो, आणि त्याचा अभिमान रास्तच आहे. पण सामान्य माणसाच्या दृष्टीने मला त्याच आवारातले 'जिस्ट' कार्ड मोठे वाटते. साध्या पीसीच्या रिकाम्या खाचेत हे कार्ड बसवले की इंग्रजीसाठी लिहिलेले डॉसवरचे प्रोग्रॅम, म्हणजे वर्डस्टार, डीबेस वगैरे, मराठी आणि इतर भारतीय लिप्या दाखवू लागत. यंत्र तेच, प्रोग्रॅम तेच. फक्त पडद्यापर्यंतची वाट सुधारलेली. त्यासोबत ठरलेली अक्षरांची सांकेतिक मांडणी १९९१ मध्ये भारतीय मानक झाली, आणि युनिकोडमधला देवनागरीचा क्रम तिच्याच आधीच्या, १९८८ च्या आवृत्तीवर बेतलेला आहे. आपण आज मोबाइलवर मराठी लिहितो ती तिसरी पिढी. कुवेतमध्ये 'सख्र' नावाच्या घरगुती संगणकांत त्याच दशकात अरबी लिपी आतच घालून दिलेली असे, तशी सोय आपल्याकडे डब्यातच आली नाही. आपल्याला ती मागाहून, खाचेत कार्ड खोचून करावी लागली. रिकामी खाच होती म्हणून करता आली, हा मुद्दा.

जुनी सरकारी कागदपत्रे मोडीत आहेत म्हणून आपण ती जपतो. मराठी ज्या कार्डावरून पीसीच्या पडद्यावर उमटली ते जिस्ट कार्ड मात्र कुठल्या कचेरीच्या अडगळीत असेल तर किलोच्या भावाने जाते. असो, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

स्पेक्ट्रमच्या चित्राची दुरुस्ती त्यामानाने सोपी. यंत्रात एक पत्र्याची डबी असते. ती चित्राचे टीव्ही केंद्रासारख्या लहरींत रूपांतर करून यूएचएफच्या ३६ क्रमांकाच्या वाहिनीवर सोडते. इंग्लंडमध्ये हे ठीक होते. आपल्याकडच्या त्या काळच्या बऱ्याच टीव्हींना व्हीएचएफच लागायचे, त्यामुळे बॅगेतून आलेल्या डब्याला मुंबई दूरदर्शन पकडणाऱ्या टीव्हीवर चित्रच यायचे नाही आणि घरोघर मामाच्या नावाने बोटे मोडली जायची. आजच्या टीव्हीवर चित्र आले तरी ते पावसातल्या काचेतून पाहावे तसे. उपाय असा, की त्या डबीला टाळायचे. डबीत जाणाऱ्या दोन तारा सोडवायच्या, एक विजेची आणि एक चित्राची. चित्राची तार एका लहानशा कंडेन्सरमधून त्याच जुन्या गोल सॉकेटच्या मधल्या टोकाला जोडायची, आणि तिथून टीव्हीच्या पिवळ्या एव्ही सॉकेटला. आपली रंगीत टीव्हीची पद्धत १९८२ पासून पाल, इंग्लंडचीही पालच. त्यामुळे रंग आपोआप जुळतात. दोन रंगांच्या सीमेवर बारीक मुंग्या चालल्यासारखे दिसते. त्या मुंग्यांना मी काही करत नाही.

इथे तिसऱ्या पक्षाशी भांडण आहे. हौशी लोकांच्या जगात आता स्पेक्ट्रमच्या पाठीला जोडायचे असे बोर्ड मिळतात, ज्यांतून थेट एचडीएमआय चित्र निघते. स्वच्छ, धारदार, मुंग्या नाहीत. पण अशा एका प्रसिद्ध बोर्डाच्या आत रास्पबेरी पाय झिरो नावाचा आख्खा संगणक बसलेला असतो. त्याची मेमरी ५१२ मेगाबाइट, म्हणजे ४८ 'के'च्या दहा हजारपटीहून जास्त. वेग सेकंदाला एक अब्ज ठोक्यांचा, आणि त्याचे यजमान चालतात पस्तीस लाखांनी. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! ज्याच्या टीव्हीला पिवळे सॉकेटच उरलेले नाही त्याने एव्हीचे एचडीएमआय करणारी छोटी डबी बाहेरून लावावी; ती स्वस्त पडते आणि यंत्राच्या पोटात हात घालत नाही. मी वाढ करण्याच्या बाजूचा आहे, यंत्राची आतडी काढून त्यात दुसरे भरण्याच्या बाजूचा नाही. फरक कुठे? ज्या वाढीसाठी यंत्राने जागा राखली होती, किंवा जी उलटी फिरवून यंत्र पूर्ववत करता येते, ती वाढ. बाकी वेषांतर.

चौथाही एक पक्ष आहे, आणि त्याचे म्हणणे सर्वांत पक्के आहे. तो म्हणतो, हे सगळे कशाला? फोनवर स्पेक्ट्रमची हुबेहूब नक्कल फुकट मिळते. कॅसेटचा आवाज फोनमध्ये भरा, नकलेला ऐकवा, 'क ते ज्ञ' समोर हजर. खरे आहे. किंबहुना यंत्राला हात लावण्याआधी प्रत्येक कॅसेटची अशी प्रत करून ठेवलीच पाहिजे. जुलै १९८९ मध्ये अंबा नदीच्या पुराने नागोठणे आणि जांभूळपाड्यात काय केले ते या भागातल्या माणसाला सांगायला नको. एकाच जागी ठेवलेली एकच प्रत म्हणजे काय, हे तेव्हापासून आमच्या चांगले लक्षात आहे. पण नकलेत ४८ 'के' यादीतून बोटाने निवडायचे असते. ते ३२ 'के' आले कुठून, कुणी बसवले, आठांतला एक चुकला तर काय होते, यातले काही तिथे कळत नाही. प्रत कॅसेटला वाचवते. यंत्र उघडण्याची विद्या ती वाचवत नाही.

खरी काळजी मला त्या विद्येची आहे. पेणमध्ये, रोह्यात, नागोठण्यात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीची दुकाने होती, आणि सर्किटचा नकाशा भिंतीवर टांगून एकेक भाग तपासणारी माणसे त्यांत बसत. धाटावच्या आणि नागोठण्याच्या कारखान्यांत मीटर, कंट्रोलर सांभाळणारे इन्स्ट्रुमेंटेशनचे लोक सुटीच्या दिवशी शेजाऱ्यांचे टेपरेकॉर्डर उघडत. ही माणसे आता साठी-सत्तरीच्या पुढे गेली. चपटे टीव्ही आल्यापासून दुरुस्ती म्हणजे आख्खा बोर्ड काढून आख्खा बोर्ड लावणे. त्याला हात लागतो, डोके लागत नाही. पुष्कळ नव्या लॅपटॉपमध्ये तर मेमरी बोर्डालाच कायमची जोडलेली येते. विकत घेतली तेवढीच. पुढे लागली तर नवीन लॅपटॉप घ्या. १९८२ साली ५० पौंड कमी असलेल्या गिऱ्हाइकासाठी सॉकेट मोकळे ठेवले होते. आजच्या गिऱ्हाइकाला ते सौजन्यही नाही. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले, ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. दोन्ही चांगलेच. पण दुरुस्तीचा हक्क बजावायचा तर दुरुस्त करणारा हात गावात हवा.

हात तयार कसा होतो, हे पेणकराला विचारावे. इथल्या गणपतीच्या कारखान्यात आलेला पोरगा पहिल्या वर्षी डोळ्यांची आखणी करत नाही. तो माती मळतो, साचे पुसतो, मूर्तीची पाठ घासतो, वस्त्रांचे रंग भरतो. डोळे फार पुढे येतात. जुन्या बोर्डावरच्या सोल्डरिंगचेही तसेच आहे. चाळीस वर्षांच्या बोर्डावरची तांब्याची रेघ फार नाजूक असते. इस्त्री दोन सेकंद जास्त टेकली की ती उचलली जाते आणि मग बारीक तारेने ठिगळ लावत बसावे लागते. म्हणून आधी मेलेल्या रेडिओवर शंभर आयसी काढाव्यात आणि लावाव्यात. जिल्ह्यातल्या आयटीआयच्या मुलांना हे काम का देऊ नये? माळ्यावरचे डबे ज्यांच्या घरी आहेत त्यांनी ते आठ दिवसांसाठी द्यावेत, साठीच्या पुढच्या एखाद्या मेकॅनिकला शेजारी खुर्ची द्यावी. स्पेक्ट्रम त्यासाठी उत्तम आहे, कारण त्याच्या बोर्डावरचे सगळे भाग डोळ्यांना दिसतात, मोजता येतात आणि एकेकटे बदलता येतात. आजच्या फोनच्या बोर्डावर मुलाला बोट ठेवून दाखवण्यासारखे काय आहे? परदेशातून तयार बोर्ड मागवून खोचण्यापेक्षा हे महाग नाही, आणि पैसे गावात राहतात.

त्या डब्यात बारा आयसी बसल्या. पहिल्या खेपेला पडद्यावर नुसत्या उभ्या पट्ट्या आल्या. एका सॉकेटचा गंजलेला पाय पुसल्यावर इंग्रजी अक्षरांतली कंपनीची ओळ आली. मोकळी जागा मोजली तर चाळीस हजारांवर. मग टेपरेकॉर्डरच्या हेडचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत 'क ते ज्ञ' ऐकवले. प्रत्येक रेकॉर्डरचे हेड थोडे निराळे कललेले असते आणि कॅसेट आपल्याच रेकॉर्डरचा कल लक्षात ठेवते. चौथ्या खेपेला उतरले. पडद्यावर सोळा ठिपके उंचीचा 'क' आला, शेजारी चौकोनी कमळ. शिरोरेषा चौकटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलेली, म्हणजे पुढचे अक्षर आले की रेषा आपसूक जुळते. शाळकरी मुलाला हे सुचले होते. 'ण'ला चित्र मिळाले नाही म्हणून त्याने नुसता बाण काढला होता. 'ळ'चाही 'बाळ' केला होता, आणि त्या बाळाला दोन वेण्या होत्या.

बहीण ते पाहून गेली. दोन वेण्यांपाशी तिने यंत्र थांबवायला सांगितले. ते थांबत नाही, सहा सेकंदांनी पुढचे अक्षर येते. तेव्हा पुन्हा पहिल्यापासून लावले.

काढलेली पत्र्याची डबी, तिच्या दोन तारा आणि जुने कंडेन्सर एका पाकिटात घालून यंत्राच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवले आहेत. वर चिठ्ठी आहे: कोणती तार कुठून सोडवली, तारेचा तुकडा कोणत्या अर्ध्या भागासाठी लावला, तारीख. अकरापैकी चार कॅसेटी उतरवून झाल्या. तिघींना बुरशी आहे, त्या पावसाळ्यात उलगडायच्या नाहीत. त्या तांदळाच्या रिकाम्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवल्या आहेत. दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की काढू. बाकी चारांवर काही लिहिलेले नाही.